ओठातले चार दाणे

दुष्काळात अख्ख्या गावाचंच तोंड कोरडं होतं, म्हणून बायकोचं कोरडं तोंड मला आजार वाटलं न्हाई. टँकर दोन दिसाआड यायचा आन घरात पाणी मी मोजून द्यायचो. ती भाकरीच्या दर घासाला घोट घ्यायची, त्याबिगर घास उतरायचाच न्हाई तिला. मी म्हणायचो, म्हशीला पुरंना आन तू जेवतीस का पितीस? मग ती माझ्यासमोर जेवायचीच बंद झाली.

त्याच साली तिची आई वारली. बाया गळ्यात पडून रडल्या. ही आवाज काढून रडत होती, पर डोळ्यात थेंब न्हाई. नुसते लाल डोळे, माती गेल्यागत चोळायची. तिची भावजय म्हणली, दगड हाय ही. घरी आल्यावर मीबी तेच म्हणलो.

मी चौथी शिकलेला. पर गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध तपासायचं काम माझ्याकडं होतं. कॅन चांगला ढवळायचा आन चमचाभर दूध काढायचं. तेवढ्यावर फॅट कळायचं, पाणी घातलेलं कळायचं. सख्ख्या भावाचं दूध मी परत पाठवलेलं हाय.

पुढं तिचे दात भुगा होऊन पडाय लागले. बोटं सुजली, धार काढता येईना. तवा अंबाजोगाईला गेलतो. डॉक्टरीण बाईनं डोळे पाह्यले, तोंड पाह्यलं, रक्त घेतलं. म्हणल्या, खालच्या ओठाच्या आत लाळ तयार करणारे बारीक दाणे असतात, त्यातले चार-पाच काढून तपासू. मी म्हणलो, दुखत्यात बोटं आन कापता ओठ? आमच्याकडं म्हणत्यात, जित्या माणसाच्या दुखण्याला लोखंड लागलं की ते पसरतं. मला तेच खरं वाटत होतं.

बाहेर बाकड्यावर ती म्हणली, "तुमी चमचाभर दुधावर सगळ्या कॅनाचं सांगता. त्या बाईलाबी घेऊ द्या की चमचाभर."

"तू काय कॅन हायस व्हय?" मी म्हणलो. बाकड्यावरचे लोक हसले. तीबी पदर तोंडाला लावून हसली. मी तिला घरी आणलं.

दोन वर्सं गेली. पाऊस झाला, टँकर बंद झाला, घरात रांजण भरलेला. सगळ्यांची तोंडं ओली झाली, तिचं झालं न्हाई. रांजणापाशी उभी राहून पाणी पीत होती, तवा मला पह्यल्यांदा भ्या वाटलं. वरून कोरडा खोकला लागलेला आन चार पावलांत दम.

त्याच बाईकडं परत गेलो. ओठ बधिर केला, इवलीशी चीर दिली, दोन टाके घातले. बाटलीत चार दाणे, मुगाच्या डाळीएवढे. एवढ्यासाठी मी दोन वर्सं घालवली होती.

तपासणीचा कागद आल्यावर बाईनं समजावलं. अंगातली राखण करणारी ताकदच उलटली होती. लाळ आन आसवं तयार करणारे दाणे त्या ताकदीनंच खाल्ले, आता फुफ्फुसाला लागली होती. मी सरळ इचारलं, तवाच कापला असता तर? बाई म्हणल्या, फुफ्फुसाला औषध वेळेवर सुरू झालं असतं.

ती लई येळ कागदाकडं बघत बसली, वाचता येत नसताना. मग म्हणली, "म्हंजे आईसाठी मी रडले होते."

दीड वर्स राह्यली. डोळ्यात घालायचे थेंब मीच घालायचो. ते गालावर उतरायचे. एकदा म्हणली, भावजयीला बोलवा, बघू द्या. भाकरी पाण्यात कुस्करून मी चारायचो, आन पाणी मोजायचो न्हाई.

ती गेली त्या दिशी बाया रडल्या. माझ्या डोळ्यात पाणी लई हाय, रोज येतं, हे सांगतानाबी येतंय. पर त्या दिशी आलं न्हाई. मला कुणी दगड म्हणलं न्हाई.