गजाला लागलेलं कुंकू
तीळ भाजल्याचा वास आला की मला नाशकातला आग्रा हायवे आठवतो. रुंदीकरणात त्याच्या मधोमध लोखंडी गज लागले आणि आईची मैत्रीण पलीकडेच राहिली. वळसा फार लांबचा, म्हणून त्या संक्रांतीला दोघी निम्मा-निम्मा रस्ता ओलांडून गजांपाशी आल्या. मी कडेला जीव मुठीत धरून उभी. “आई, ट्रक येतोय!” “येऊ दे, हळदीकुंकू राहिलंय.” हॉर्न कर्कश वाजला, आईचा हात हलला, कुंकू गजाला लागलं. दोघी हसल्या, मी रडले. यंदा तिथले गज काढून पट्टे आखलेत. मैत्रीण आता नाही. तिच्या सुनेला वाण द्यायला आम्ही निघालो. सिग्नल सुटायच्या आत मी आईला ओढत होते, तर ती मधोमध थांबली. “चल ना!” “थांब गं,” ती म्हणाली, “इथून पुढचा रस्ता तिचा.”