उतरल्याची सही

डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याची चौकी, चौकीत टेबल, टेबलाला दोरीने बांधलेलं पेन आणि खुर्चीत पहारेकरी शिट्टीकाका. गळ्यातली शिट्टी ते झोपतानाच काढत. सव्वीस वर्षं त्यांनी लोकांना एकच गोष्ट सांगितली: वर जाताना नाव, नंबर आणि सही, उतरल्यावर पुन्हा सही. जाताना लोक सही करत, कारण त्याशिवाय फाटक उघडत नसे. उतरल्यावर मात्र सगळ्यांना भूक लागलेली असे.

म्हणून रोज सहा वाजता काका रिकामे रकाने शोधून फोन लावत. "घरी पोहोचलात का?" एवढंच विचारायचं. काही जण हो म्हणत, बरेच जण खेकसत. एका पोराने नावाच्या जागी 'तुझा बाप' लिहून ठेवलं होतं. काकांनी त्या नंबरवर शांतपणे विचारलं, "तुझा बाप पोहोचला का?" फोन पोराच्या आईने उचलला होता.

काकांना हे करायची हौस नव्हती. पूर्वी एकदा पाय मोडलेला माणूस दोन दिवस घळीत पडून राहिला, कारण तो उतरला की नाही हे बघायचं काम ज्याचं होतं त्याने बघितलं नव्हतं. तो म्हणजे काका. त्यानंतर त्यांनीच कार्यालयाच्या खनपटीला बसून नियम करून घेतला: तीनदा सही चुकली, की वर्षभर प्रवेश बंद.

हेडबाई दर रविवारी येत. शाळेतून निवृत्त, घरात एकट्या. नियम पाळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पायवाट सोडायच्या नाहीत, दुसऱ्यांनी टाकलेल्या केळ्याच्या साली उचलायच्या, स्पीकरवर गाणी लावणाऱ्याला दरडावून गप्प करायच्या. पण लागोपाठ दोन रविवार बाई उतरल्यावर सही न करताच घरी गेल्या. संध्याकाळी फोन मात्र पहिल्याच घंटेला उचलला. "पोहोचले हो! गुडघा जरा कुरकुरतोय, पण..." असं सुरू झालेलं बोलणं गुडघ्यावरून शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर गेलं आणि वीस मिनिटं चाललं.

"अहो, बाई विसरत नाहीयेत," चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या. "आठवडाभरात दुसऱ्या कुणाचा फोन येत नसेल त्यांना."

"नियमात तसं काही नाही."

"नवऱ्याला अक्कल असावी, असंही नियमात नाहीये."

तिसऱ्या रविवारी बाई उतरल्या तेव्हा काका पेन हातात घेऊन उभेच होते.

"बाई, आता तिसरी वेळ होईल. सही करा."

बाईंनी पेन घेतलं, वहीकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. "चष्मा विसरलेय," त्या म्हणाल्या. चष्मा नाकावर होता.

मागे पंधरा-वीस जण रांगेत होते. त्यात गेल्या आठवड्यात बाईंनी गप्प केलेला स्पीकरवालाही होता. "बाईंना सूट का, काका? मग आम्ही पण नाही करत!"

काकांना ती घळ आठवली. त्यांनी बाईंच्या नावापुढे लाल शाईने लिहिलं, 'वर्षभर प्रवेश बंद.'

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या आणि पिशवी सावरत निघून गेल्या. त्या संध्याकाळी काकांनी नियमाप्रमाणे फोन केला. "पोहोचले," एवढंच बोलून बाईंनी फोन ठेवला. काका जेवले नाहीत. काकूंनी आग्रहही केला नाही.

पुढच्या रविवारी वहीत बाईंचं नाव नव्हतंच. सहा वाजता काकांनी अकरा फोन केले, वही मिटली आणि बसून राहिले. त्यांना वाईट वाटत होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. साडेसहाला त्यांनी पुन्हा फोन उचलला. नंबर पाठ होता.

"घरी पोहोचलात का?"

"अहो, मी आज कुठे गेलेच नव्हते."

"ते माहीत आहे मला. पोहोचलात का?"

"हो," बाई म्हणाल्या. "आत्ताच पोहोचले."