अप्पांच्या गोष्टीतला पळपुटा

आमच्या अप्पांच्या अंत्यविधीला मी केलेलं भाषण उत्तम झालं. त्यात फक्त अप्पा नव्हते.

अप्पा म्हणजे माझे वडील. सतरा वर्षं फौजेत काढली आणि पुढची पंचेचाळीस उदगीरला, आमच्यात. फौजेत त्यांचे हाल कमी झाले असावेत. आई गेल्यावर माझा शाळेचा डबा तेच भरायचे. मी पन्नाशीचा मास्तर, ते ऐंशी ओलांडलेले, आणि रोज सकाळी दारात उभे राहून माझी नखं तपासायचे. संध्याकाळी चहा झाला की सुरू करायचे, "तवा बरफ लई पडला हुता. आमी तिघं हुतो..."

"ठावं हाय, अप्पा," म्हणत मी चपला घालायचो. (काय ठाऊक होतं? बर्फ पडला होता आणि तिघं होते, एवढंच!) बायको भाजी चिरायला उठायची, पोरं मोबाइल घेऊन आत जायची. अप्पा उरलेली गोष्ट बहुधा कपबशीला सांगत असतील. त्यांच्या डाव्या पायाला दोन बोटं नव्हती. ती जन्मापासूनच नसावीत, असं मी धरून चाललो होतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी, आणि नेमकी तीच भीती होती.

मागच्या वर्षी एका रविवारी पहाटे अप्पा गेले. आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून नेतात आणि बसवूनच माती देतात. आणि आमच्याकडे कोणीही जावो, माती द्यायच्या आधी भाषणं होतात. त्या दिवशी आधी एक माजी सभापती बोलले. त्यांनी अप्पांना सहकाराचे आधारस्तंभ केलं. दुसऱ्यांनी शिक्षणमहर्षी केलं. माझी थोरली बहीण, अक्का, कानाशी आली.

"लोक कायबी बोलून राहिलेत. तू सांग की फौजेतलं. तुला समदं ठावं हाय."

माझ्या हातात माइक आला. समोर तीनशे माणसं, आणि मधे अप्पा फुलांत ताठ बसलेले, ऐकायला तयार. त्यांनी माझं बोलणं एकदाही मधे तोडलं नाही. (हा गुण माझ्यात आला नाही.)

"त्या दिवशी बर्फ फार पडला होता," मी सुरू केलं. "ते तिघं होते."

आणि इथे माझी माहिती संपली. पण मास्तर कधी गप्प बसलाय? मी शत्रू आणला. मी अप्पांच्या पोटरीत गोळी मारली. टाळ्या नसल्या तरी माना हलायला लागल्या, तसा मला चेव आला. तिघांतला एक भेकड अप्पांना बर्फात टाकून पळाला, असं मी ठणकावून सांगितलं. दुसऱ्यानं अप्पांच्या मांडीवर प्राण सोडला. अक्कानं हंबरडा फोडला, सभापतींनी चष्मा पुसला, आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. हे शेवटचं लिहितानाही लाज वाटते.

माती देऊन झाल्यावर एक म्हातारे सरदारजी काठी टेकत माझ्याजवळ आले.

"मी बलवंतसिंग. नांदेडहून आलो. तुमच्या अप्पांना दर रविवारी फोन करतो. आज त्यांच्या नातीनं उचलला, रडत होती."

"या ना काका. तुम्ही अप्पांबरोबर होता?"

"हाव. त्यांच्या मांडीवर मेलो तो मीच."

मी माफी मागू लागलो, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"माझं जाऊ द्या. मेल्याचं दुख न्हाई. शत्रू-बित्रू कोणी नव्हता तिथं. अप्पा घसरले, पाय मोडला. मी त्यांचा पाय छातीशी धरून बसलो दोन दिवस, तरी दोन बोटं गेलीच. ज्याला तुम्ही पळवला ना, तो मदत आणाया गेला हुता. खालच्या चौकीला पोचला, आमी कुठं हाय ते सांगितलं, आन तिथंच खल्लास. बावीस वर्षांचा. तो पोचला म्हणून आमी जिते परत आलो. तुमी तर नंतरच जन्मले."

"नाव काय त्यांचं?"

"अप्पांनी सांगितलं न्हाई? माधव."

माझं नाव माधव. शिवभक्ताच्या घरात हे नाव कुठून आलं, म्हणून सगळी भावकी मला चिडवायची. मीही एकदा अप्पांवर चिडलो होतो. तेव्हा ते म्हणाले होते, "बस, सांगतो. तवा बरफ..." आणि मला कुठंतरी जायचं होतं. कुठं, ते आज आठवतही नाही.

मी घरी सगळ्यांना बसवून खरं सांगितलं. अक्का म्हणाली, "मंग आधीचंच बरं हुतं की रे." भाच्यानं तोवर भाषणाचा व्हिडिओ अहमदपूरपर्यंतच्या पाहुण्यांना पोचवला होता. लोक मला रस्त्यात अडवून त्या भेकडाला शिव्या द्यायचे. मी खुलासा करायला लागलो की त्यांना उशीर व्हायचा.

परवा मुख्याध्यापकांनी बोलावलं. झेंडावंदनाला माझंच भाषण ठेवलं होतं.

"सर, वडिलांचंच सांगा, तेव्हा सांगितलं तसंच. आणि त्या पळपुट्याचं नाव कळलं तर तेही टाका. पोरांना कळू द्या."

"कळलंय. माधव."

ते हसले. "अहो, स्वतःचं नाव काय घालता?"

"राहू द्या, सर," मी म्हणालो. "अप्पांना टाकून पळालेला माधव एकच, आणि त्याला तुम्ही दर महिन्याला पगारपत्रकावर सही करायला बोलावता."