सज्ज्यावर अडकलो तेव्हा

ज्यांच्यामुळं मी त्या दुपारी खाली उतरलो त्या गारखेड्यातल्या एका घरच्या बाई. मी त्यांना मावशी म्हणालो. परक्या गावात दुसरं काय म्हणायचं ते सुचत नाही. मला वर अडकवलं त्यांच्याच नवऱ्यानं, पण आधी सांगायचं तर मावशींचंच सांगायला पाहिजे.

मी किनवटच्या पलीकडचा. शाळा नववीत सुटली आणि वायरिंग शिकायला चाललो असं सगळ्यांना सांगून मी इथं आलो. ज्यांच्या हाताखाली काम शिकतो त्या मिस्त्रींच्या सामानाच्या खोलीतच झोपतो. काम गेलं तर खोली गेली, आणि खोली गेली तर गावाकडं कुठल्या तोंडानं जायचं? ही धाकधूक घेऊनच मी रोज शिडी चढतो.

त्या दिवशी मावशींच्या शेजारच्या घरी काम होतं. गच्चीवर नवी खोली बांधलेली, आणि आतल्या भिंती फोडायच्या नाहीत म्हणून खालच्या मीटरपासून वरपर्यंत वायरचा पाईप बाहेरच्या भिंतीवरून न्यायचा होता. ती बाजू म्हणजे दोन घरांमधला अरुंद बोळ. घरमालक सगळ्यांना घेऊन दौलताबादला बारशाला गेले होते. पाईप भिंतीला धरून ठेवणारे सॅडल कमी पडले म्हणून मिस्त्री दुकानात गेले. जाताना म्हणाले, "पाईप सरळ ने. मी येईस्तोवर खिडकीच्या वर गेलेला दिसला पाहिजे, नाहीतर उद्यापासून येऊ नको."

मी वरच्या खिडकीखालच्या अरुंद सज्ज्यावर भिंतीकडं तोंड करून भोकं पाडत होतो. ड्रिल बंद करून वळलो तर शिडी नाही. खाली शेजारचे काका, म्हणजे मावशींचा नवरा, ती आडवी धरून स्वतःच्या फाटकात नेत होते.

"काका, मी वर आहे!"

"दिसतंय की. आंधळा नाय मी."

"मग शिडी?"

"शिडी माझ्या जागेत होती. पाईप पण माझ्याच जागेवर लटकवलाय. आज पाईप, उद्या म्हणतील ताबा आमचा. काढ ते सगळं, मग देतो शिडी."

"मी मजूर माणूस, काका. मालकांशी बोला ना."

"मालकाशी बोलायला वकील ठेवलाय. तू काढ."

सज्जा एवढाच की पाठ भिंतीला टेकवली तर पावलं कडेला येत. उडी मारावी तर पाय मोडणार. मागच्या खिडकीला जाळी, घराला कुलूप, मोबाईल खाली पिशवीत. भिंत तापलेली. पाईप काढला तर मिस्त्री ठेवणार नाहीत, नाही काढला तर काका उतरू देणार नाहीत. मी एक सॅडल सैल केलं. मग पुन्हा आवळलं. पुन्हा सैल केलं. ओरडून माणसं गोळा करावी, तर भांडण पेटणार आणि सगळ्यांचं बोट माझ्याकडंच येणार.

समोर बोळापलीकडं काकांच्या घरातलं वरच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर होतं. खिडकीच्या गजांमागून मावशींचा आवाज आला, "पाणी पिलास का रे?"

मी नाही म्हणून मान हलवली. थोड्या वेळानं गजांमधून जळमटं काढायचा लांब झाडू बाहेर आला. टोकाला पिशवीत पाण्याची बाटली.

"बाटलीच घे, झाडू नको ओढू. मीच येईन त्याच्याबरोबर."

मी सगळं पाणी एका दमात प्यालो. मावशींनी विचारलं, "उतरायचंय ना?"

"पाईप काढल्याबिगर काका शिडी देत नाहीत. आणि पाईप काढला तर माझं काम जातं."

 त्यांनी खाली बघून हाक मारली, "अहो! ह्यांच्या भिंतीचा अन् आपला काही संबंध नको ना?"

"नकोच!"

"मग ही दोरी?"

तेव्हा माझं लक्ष गेलं. त्यांच्या गजाला बांधलेली वाळवणाची दोरी बोळावरून येऊन ह्या भिंतीतल्या, माझ्या गुडघ्याजवळच्या हुकाला बांधली होती. तिच्यावर चादरी आणि काकांचा पांढरा लेंगा.

"लई वर्षं झाली त्यांच्या हुकाला बांधून," मावशी म्हणाल्या. "सोड रे लेकरा ती गाठ. ताबा नको कुणाचा."

"अगं, माझा लेंगा हाय त्याच्यावर!"

"मग न्या की त्याला पण कोर्टात."

मी गाठीला हात लावून थांबलो. खालून काका बघताहेत, समोरून मावशी. कुणाचं ऐकावं?

"सोड म्हणते ना!"

मी सोडली. सगळे कपडे बोळातल्या नालीत गेले. काकांनी लेंगा उचलला, झटकला, दोन्ही बाजूंनी बघितला. मग भिंतीतल्या रिकाम्या हुकाकडं एकदा बघून आत गेले आणि शिडी घेऊन आले.

"उतर. इचारल्याबिगर पुन्हा शिडी लावलीस तर तंगडं मोडीन."

"पाईप?"

"राहू दे तुझा पाईप."

मिस्त्री आले तेव्हा मी काकांना विचारून पुन्हा वर चढलो होतो. "एवढंच झालं?" म्हणाले, आणि नजरेनं पाईप सरळ आहे का बघितला. मी पुढचं भोक पाडायला घेतलं.

ती दोरी काही पुन्हा बांधली गेली नाही. त्या गल्लीत कामाला गेलो की मावशी दिसतात, ओल्या कपड्यांची बादली घेऊन पायरीपायरीवर थांबत गच्चीवर चढताना. काका दारातच बसलेले असतात, म्हणून मी नुसती मान लववून पुढं जातो. मिस्त्रींच्या हाताखाली असेपर्यंत मला दुसऱ्याच्या दारात मर्जीनं शिडी लावता येत नाही. पण मावशी, माझं स्वतःचं काम सुरू झालं की पहिल्यांदा तुमच्याकडं येईन. काकांना विचारून शिडी लावीन आणि तुमच्याच एका भिंतीपासून तुमच्याच दुसऱ्या भिंतीपर्यंत, खालच्या खाली, कपडे वाळत घालायला चांगली जाड तार ताणून देईन.