मस्कुनीच्या घरचा शुक्रवार

गाव बळकावून बसलेले काळे झेंडेवाले अतिरेकी पळाल्यावर जी ख्रिस्ती माणसं गावात परतली, त्यांत मस्कुनी बरीच आधी आली. आली ती एकटीच. नवरा मत्ती एर्बिलजवळच्या अंकावाच्या दफनभूमीत होता आणि मुलगी रीटा लग्न होऊन सिडनीला. घर मात्र छपरासकट उभं होतं, आणि त्या गल्लीत तेवढं एकच होतं. भिंतींवर कोणी काय काय लिहून ठेवलं होतं त्यावर तिने चुना फासला, अंगणातल्या ऑलिव्हच्या झाडाला पाणी घातलं आणि राहायला लागली.

चर्च आतून जळून काळंठिक्कर पडलं होतं. म्हणून फादर अफ्राम तिच्याकडे आले. शुक्रवारी दुपारी पवित्र शास्त्राचा अभ्यास सुरू करायचा आहे, माणसं एकत्र बसली नाहीत तर नुसत्या भिंती बांधून काय करायचं, असं म्हणत त्यांनी तिची मोठी खोली मागितली.

"कोण कोण येणार?" मस्कुनीने विचारलं.

"येईल तो," फादर म्हणाले.

तिला नेमकं काय विचारायचं होतं ते त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी काय सांगितलं ते तिलाही कळलं. ती हो म्हणाली.

पहिल्या शुक्रवारी अंगणात चपला काढायला जागा उरली नाही. बायकांनी खजूर भरलेली क्लेचा बिस्किटं आणली, कोणी खुर्च्या आणल्या. ज्यांच्या घरात दार-खिडकीसुद्धा शिल्लक नव्हती तीही माणसं स्वच्छ कपडे करून आली. तोमा सुतार सगळ्यांत शेवटी आला आणि दारालगत बसला.

तोमा म्हणजे मत्तीचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. मत्तीला अर्धांगवायू झाला तेव्हा त्याला उचलून न्हाणीत नेणारा तोमाच होता. काळे झेंडेवाले चालून आले त्या ऑगस्टमध्ये गाव रिकामं करायची वेळ आली, तेव्हा तोमाकडे पिकअप गाडी होती. त्याने बायकोमुलांना पुढे बसवलं, मागे सामान चढवलं आणि मस्कुनीला सांगितलं की यांना सैनिकांच्या नाक्यापलीकडे सोडतो आणि मत्तीला न्यायला परत येतो, तू त्याला तयार ठेव. मस्कुनीने मत्तीला धुतलेला सदरा घातला, त्याचे केस विंचरले आणि वाट बघत बसली. गल्ली ओस पडली. गाडी काही आली नाही. शेवटी तिने विटा वाहायची हातगाडी ओढून काढली, तीत गादी अंथरली, मत्तीला कसंबसं वर घेतलं आणि एर्बिलच्या रस्त्याला लागली. ते ऊन कसं होतं हे तिला पुढे कोणालाच सांगता आलं नाही. नाका दिसायला लागला तोवर मत्ती बोलायचा थांबला होता. तिथल्या सैनिकाने त्याच्या मानेला हात लावून पाहिला आणि मस्कुनीला सावलीत बसायला सांगितलं.

मग अंकावात, चर्चच्या आवारात जिथे तंबू लागले होते तिथे, तिने तोमाची गाडी पाहिली. मागे त्याचं रंधा मारायचं यंत्र उभं होतं, लोखंडी, दोरांनी करकचून बांधलेलं. एक माणूस आडवा मावेल एवढी जागा त्याने अडवली होती. तोमा म्हणाला की रस्ता बंद केला होता, मला मागे फिरू दिलं नाही. कोणी म्हणे खरं आहे, कोणी म्हणे उन्हं उतरेपर्यंत गाड्या येत-जात होत्या. मस्कुनीने कोणालाच खोदून विचारलं नाही. रस्ता बंद असेलही, एवढ्याच एका शक्यतेला धरून ती तोमासमोर बसू शकत होती.

शुक्रवारी ती सगळ्यांना हातात चहा द्यायची. तोमाची पाळी आली की पेला त्याच्यापुढे जमिनीवर ठेवायची. तो उचलून घ्यायचा. शेवटच्या प्रार्थनेत, आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हांला कर, ही ओळ यायची तेव्हा तिचे ओठ मिटायचे. तेवढी ओळ संपली की ती पुन्हा सगळ्यांत मिसळायची. शेजारी बसणारी खातून म्हातारी हे जाणून होती. ती बिचारी ती ओळ जरा मोठ्यानेच म्हणायची, म्हणजे दोघींची भरून निघेल.

फादरांनी एकदा हळूच विषय काढला. त्याने केलं ते बरोबर होतं असं तुला कोणी म्हणायला लावत नाही, असं ते म्हणाले.

"फादर, मी काय प्रयत्न करत नाही?" मस्कुनी म्हणाली. "तोंडाने म्हणून बघते. तोंडातून निघतं. पोटातून निघत नाही."

फादरांनी पुढे पुन्हा तो विषय काढला नाही. तिच्यासाठी ते प्रार्थना करत असावेत.

काही महिने ती खोली खरोखर नांदती होती. प्रश्न विचारले जायचे, वाद व्हायचे, एखाद्या वचनावरून दोन भाऊ एकमेकांशी अबोला धरायचे आणि पुढच्या शुक्रवारी शेजारी बसायचे. मग माणसं जायला लागली. कोणाचे ऑस्ट्रेलियाचे कागद आले, कोणी जर्मनीला, कोणी नुसतंच अम्मानला जाऊन वाट बघत बसलं. अब्राहामाला देवाने आपला देश सोडून निघायला सांगितलं, तो भाग वाचायला आला त्या दिवशी खातून म्हणाली, "त्याला निदान देवाने सांगितलं होतं. आपल्या लोकांना परदेशातला मेहुणा सांगतो." सगळे खूप हसले. ईस्टर झाल्यावर खातूनही गेली. तिला व्हीलचेअरवर बसवून विमानात चढवलं म्हणे.

मुलं परदेशी गेल्यावर तोमाच्या घरात तो आणि त्याची बायको नजीबा उरली होती. नजीबा आजारपणात गेली. मस्कुनी मयताला गेली, बायकांत बसली, शिजवलेल्या गव्हाच्या बुरगुलचं पातेलं पाठवलं आणि तोमाशी एक शब्द न बोलता परत आली. त्यानंतर बिशपांनी फादर अफ्राम यांची दुहोकला बदली केली. जाताना ते म्हणाले की अभ्यास बंद करू नका, दोघं जमलात तरी पुरे.

हिवाळ्यात एका शुक्रवारी खरोखर दोघंच जमली.

मस्कुनी रॉकेलच्या शेगडीपाशी बसली होती. तोमा आला, रिकाम्या खुर्च्यांकडे त्याने पाहिलं आणि नेहमीप्रमाणे दारालगत बसला. वारा आत येत होता. ती म्हणाली, दार लाव. त्याने दार लावलं. तिला बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून वाचायचं त्याच्याकडे आलं. मार्कचं शुभवर्तमान ते क्रमाने वाचत होते, तेव्हा त्या दिवशी जे यायचं तेच आलं. अर्धांगवायू झालेला माणूस, त्याला उचलून आणणारे चौघे, घरात शिरायला वाट नाही म्हणून छप्पर उकलून त्याला दोरांनी खाली सोडतात.

तोमा अर्ध्यावर थांबला. पुस्तकावरचं बोट त्याने तसंच ठेवलं.

"रीटाची आई," तो म्हणाला, "रस्ता बंद नव्हता."

तो पुस्तकाकडे बघतच पुढे बोलू लागला.

"मी परत निघालोच नाही. मुलं रडत होती. नजीबा म्हणाली, आता जाऊ नका. यंत्र उतरवून ठेवायचं म्हटलं तर चोरीला जाईल अशी भीती वाटली. मनात म्हटलं, दुसरं कोणीतरी त्याला घेऊन येईलच. गाव भरलेलं होतं ना तेव्हा."

"हे मला आत्ता का सांगतोस?"

"मग कोणाला सांगू? उरलंय कोण?"

शेगडीवर किटली वाजायला लागली होती. ती तिने उतरवून खाली ठेवली.  इतकी वर्षं ज्या एका शक्यतेवर ती हळूहळू काहीतरी रचत आली होती, ती त्याने काढून घेतली होती, आणि तीही माफी मागायला म्हणून. त्याला वाटत असावं की खरं सांगितलं की उरलेलं काम देव करेल.

"पुढे वाच," ती म्हणाली.

त्याने वाचलं. तो माणूस उठला, बाज उचलून चालत घरी गेला. तोमाने पुस्तक मिटलं आणि वाट पाहिली. प्रार्थना सुरू करायची ती यजमानीणबाईने, असा रिवाज पडला होता. मस्कुनीने सुरू केली नाही. चहाही ओतला नाही. काही वेळाने तो उठला, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि गेला.

पुढच्या शुक्रवारी तिने अंगणाच्या फाटकाला आतून कडी घातली. तोमा आला, एकदा फाटक वाजवलं, थांबला. ती खोलीत उभी होती. त्याला खोकला झाला होता, तो तिला ऐकू येत होता. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तो आला. असं बरेचदा झालं. प्रत्येक वेळी ती ठरवायची की आज कडी काढायची, आणि प्रत्येक वेळी तिला मत्तीचे विंचरलेले केस आठवायचे. मग त्याचा मुलगा स्वीडनहून आला आणि बापाला घेऊन गेला. निघताना मुलगा तिच्याकडे चावी ठेवायला आला. बाबा गाडीत बसलेत, म्हणाला, दोन मिनिटं बाहेर येता का मावशी, त्यांना भेटायचंय. मस्कुनी म्हणाली, गुडघा धरलाय. मुलाने तिचा हात कपाळाला लावला आणि गेला. गाडी लगेच हलली नाही. नंतर हलली.

तोमा वारल्याची बातमी रीटाने सिडनीहून फोनवर सांगितली. झोपेत गेला, स्वीडनमध्येच दफनभूमीत ठेवला, खूप माणसं होती. मस्कुनीने छातीवर क्रूसाची खूण केली आणि देव त्याला विश्रांती देवो म्हणाली, जसं कोणाहीबद्दल म्हणतात तसं.

"मनापासून म्हणालीस का, आई?" रीटाने विचारलं.

"चुलीवर दूध आहे," मस्कुनी म्हणाली आणि फोन ठेवला. चुलीवर काही नव्हतं.

तिला वाटलं होतं, तो मेला की पोटातली गाठ सैल होईल. झाली नाही. आता ती सोडवायला समोर माणूसही नव्हता. रविवारी शेजारच्या गावचे फादर येऊन डागडुजी झालेल्या चर्चमध्ये उपासना घेऊन जायचे, ती जायची, मागच्या बाकावर बसायची. मनात अढी ठेवून ते घ्यायचं नसतं, म्हणून प्रभूभोजनाला पुढे जाणं तिने सोडून दिलं. नव्या फादरांना वाटलं, म्हातारीला चालवत नसेल. त्यांनी ते तिच्या बाकापर्यंत आणून द्यायची तयारी दाखवली. ती मानेनेच नको म्हणाली.

खोलीतल्या खुर्च्या तिने त्यांच्याच चर्चला देऊन टाकल्या. न्यायला आलेला माणूस म्हणाला, दोन-चार राहू द्या, कोणी आलं-गेलं तर बसायला लागतील.

"कोण येतंय," मस्कुनी म्हणाली, आणि खुर्च्या गाडीत चढवायला त्याला हात लावू लागली.