जाऊबाईंची पाखरं

वर्षाचा फोन आला तेव्हा मी नाचणी पाखडत होते. "काकू, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं, सूप खाली ठेवलं आणि यांना हाक मारली. हे रडले. मी रडले नाही. आता महिना होऊन गेला, तरी नाही. गेल्या आठवड्यात महाडच्या पक्षिप्रेमी मंडळींनी ताईंसाठी सभा घेतली. कोणी त्यांना साध्वी म्हटलं, कोणी निसर्गकन्या. माझ्यासमोर माईक आला तो मी बाजूला सारला. ज्या बाईबद्दल ते बोलत होते तिला मी ओळखत नव्हते. मी ओळखत होते ती माझी थोरली जाऊ, आणि आमचं कधी पटलं नाही.

थोरले दीर वारल्यावर ताई डोंबिवलीची जागा बंद करून पोलादपूरला राहायला आल्या. दोन्ही घरांची भिंत एक, मागचं परसदार एक. आल्या त्याच आठवड्यात त्यांनी आवळ्याच्या फांदीला प्लास्टिकचं एक नळकांडं टांगलं. त्यात बाजरी आणि राळे भरायचे, खाली भोकांतून पाखरं टिपून खाणार. शेजारी पपईची फाक, पाण्याचं मातीचं भांडं. मी म्हटलं, "ताई, इथे पाखरांचा काय तोटा आहे? बोलावून कशाला आणायची?" त्या म्हणाल्या, "इथली पाखरं तुला घाबरून लांब बसतात. मला ती जवळ हवीत." मुंबईत आयुष्य काढलेल्या बाईने मला माझ्या परसातली पाखरं शिकवावीत, हे मला तेव्हाच झोंबलं होतं.

पाखरं आली. चिमण्या, मुनिया, साळुंक्या, बुलबुल... आणि नळकांड्यावरून उतरून थेट माझ्या वाळवणावर. अंगणात चादरीवर नाचणी पसरली की वर विष्ठा, आत चोची. मी थाळी बडवायला लागले. ताई दारात येऊन म्हणायच्या, "हळू गं, दयाळ घरटं करतोय." मी आणखी जोरात बडवायची. कापडे गावाहून आमच्या एक म्हाताऱ्या आत्याबाई यायच्या, त्या ताईंच्या ओटीवर बसून मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "पाखरांची आयच हाय गो ही." त्यांचा चहा मात्र माझ्या घरातून जायचा.

पण नाचणीवरून मी इतकी वर्षं अबोला धरला नसता. आवळ्याखाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर आले, कुंपणाच्या दगडी गडग्यात त्यांनी बिळं केली. मी ताईंना दाखवलं. "मांजर पाळ," त्या म्हणाल्या. मग एका संध्याकाळी हे गडग्याजवळ वाकून पाण्याचा पाइप सरळ करत होते आणि पायाला घोणस चावली. शेजाऱ्याच्या गाडीतून महाडला नेईपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. मी मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात एकाच माणसाला शिव्या घालत होते. दवाखान्यात ताई डबा घेऊन आल्या. मी तो जिन्यातूनच परत पाठवला.

हे वाचले. टाचेची जखम मात्र चिघळली आणि चालणं कायमचं अधू झालं. आम्ही घरी आलो तेव्हा नळकांडं भरलेलंच होतं, त्यावर दोन मुनिया बसल्या होत्या. मी कोयता घेतला आणि तार तोडली. दाणे परसभर सांडले. ताई दारातून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर येऊन बघते तर त्या स्टुलावर चढून नवी तार बांधत होत्या. या वेळी खाली सांडलेले दाणे झेलायला त्यांनी पत्र्याची परात लावली होती. आणि स्टूल धरून कोण उभं होतं? माझा नवरा, पायाला पट्टी बांधलेला.

"अहो, तुम्हाला काही वाटत नाही?" मी रात्री विचारलं. ते म्हणाले, "साप चावला मला. राग तुला आलाय." मग म्हणाले, "शेतावर जाता येत नाही. दिवसभर भिंत बघत बसू का?" तेव्हापासून सकाळी दोघं ओटीवर बसायचे. "वहिनी, तांबट आला बघा..." "बोलू नका, उडेल." मी आतून भांडी आदळायची. ज्याच्यासाठी मी भांडले तोच पलीकडे जाऊन बसला, याचा राग मी त्याच्यावर नाही, ताईंवरच काढला. ताईंशी मी बोलणं सोडलं.

शेवटचं बोलणं झालं ते त्या आजारी पडल्यावर. वर्षा त्यांना पुण्याला न्यायला आली होती. मी पेज घेऊन गेले, कारण ते न केलं असतं तर गावाने तोंडात शेण घातलं असतं. ताईंनी एक घोट घेतला. "तुझ्या हाताला मीठ जास्तच," म्हणाल्या. मग खिडकीकडे बघत, "मी गेल्यावर दाणे घालशील?"

"नाही."

"वर्षा हो म्हणाली. ती पुण्यात राहते." त्या थोडं हसल्या. "म्हणून तुला विचारलं. खोटं बोलणार नाहीस हे ठाऊक होतं."

मी भांडं उचलून घरी आले. त्या पुन्हा पोलादपूरला आल्या नाहीत.

दाणे मी घातले नाहीत. यांनी दोनदा डबा हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि ठेवून दिला. पाखरं काही दिवस येऊन नळकांड्याच्या भोकांत चोची घालत राहिली, मग यायची थांबली. सभेत म्हणाले तसं ती ताईंच्या आठवणीने व्याकूळ वगैरे झालेली नाहीत. पलीकडच्या आळीत कोणाच्या तरी पेरूवर असतात. हे ओटीवर एकटेच बसतात. मी भांडी आदळत नाही, कारण ते ऐकून कोणी मान वळवत नाही.

परवा सकाळी कपडे वाळत घालताना दोरीवर एक बुलबुल येऊन बसला. मी टॉवेल उगारला, आणि नेहमीसारखी ओरडायच्या आधी ताईंच्या दाराकडे बघितलं... दाराला कुलूप होतं. किल्ली वर्षाकडे, पुण्याला. बुलबुल दोरीवर बसून राहिला. टॉवेलाचं पाणी माझ्या कोपरावरून ओघळत होतं. मी हात खाली घेतला आणि तो उडेपर्यंत तिथेच उभी राहिले.