सुधाताईंची बाटली

लंडनच्या पिनर भागात, हाय स्ट्रीटवर चिटपाखरू नसलं तरी सिग्नलमधला हिरवा माणूस दिसेपर्यंत सुधाताई रस्ता ओलांडत नसत. वरून पाऊस पडतोय, काठीवर टेकलेला हात थरथरतोय, पाय साथ देत नाहीत, तरी बाई आपल्या खांबाशेजारी उभ्या. मी पडले पुण्याची. सिग्नल ही आमच्याकडे एक सूचना असते, पटली तर घ्यावी. मी पलीकडे जाऊन पिशव्या सांभाळत त्यांची वाट बघायचे आणि मनातल्या मनात चरफडायचे.

त्यांच्या घरातल्या छोट्या खोलीत मी भाड्याने राहायला गेले ते दोन हजार सहाच्या हिवाळ्यात, वर्क परमिटवर नवी नवी आलेली असताना. सुधाताई सत्तरच्या दशकात लग्न होऊन नाशिकहून इथे आल्या होत्या. यजमान गेलेले, मूलबाळ नाही. उभा जन्म त्यांनी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या नोकरीत काढला, तोही पार्किंगच्या दंडावर लोक अपील करतात त्या विभागात. पहिल्या दिवशी माझ्यापुढे चहा ठेवून त्यांनी भाडेकरार मोठ्याने वाचायला घेतला. चहावर साय धरली तरी आमचं आपलं कचऱ्याचे डबे कधी बाहेर ठेवायचे तेच चाललं होतं. शेवटी मी म्हटलं, ताई, माझा आहे तुमच्यावर विश्वास. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "विश्वास वेगळा गं. लेखी आहे का, ते विचारावं माणसाने."

हे 'लेखी आहे का' मी नंतर इतक्यांदा ऐकलं की ऑफिसातही माझ्या तोंडून निघायला लागलं.

ताईंना एमएस होता. मज्जातंतूंचा आजार. दिवसा काठीवर भागायचं, पण संध्याकाळ झाली की पाय लाकडासारखे ताठ व्हायचे आणि पोटऱ्यांत असे गोळे यायचे की बाई उशी दातांत धरायच्या. सगळी औषधं करून झाल्यावर स्पेशालिस्टने त्यांना तोंडात मारायचा एक स्प्रे दिला. तो गांजाच्या झाडापासून केलेला. इंग्लंडमध्ये तो अजून सर्रास विकायला मान्यता नव्हती, पण डॉक्टर आपल्या जबाबदारीवर एखाद्या पेशंटच्या नावाने तो परदेशातून मागवू शकत. त्या स्प्रेने ताईंना झोप मिळाली. फ्रिजच्या दारात, लोण्याशेजारी, ती करंगळीएवढी बाटली उभी असायची. तिच्यावर केमिस्टचं लेबल, लेबलावर ताईंचं नाव.

"हे लेबल आहे म्हणून मी पेशंट," त्या म्हणायच्या. "नाहीतर मी गुन्हेगार. मधे दुसरं काही नाही."

हे ऐकून माझी जी पाचावर धारण बसली ती बसलीच. माझा व्हिसा, माझी नोकरी, माझे आईवडील, आणि फ्रिजमध्ये गांजा! दूध काढताना मी त्या बाटलीला बोटसुद्धा लागू देत नसे.

मग नाशिकला ताईंच्या आई पडल्या. नव्वदीला टेकलेल्या, त्या पडल्या त्या उठल्याच नाहीत. ताईंचा धाकटा भाऊ अवी ब्रिस्टलला इंजिनियर होता. तो जाऊन आला आणि म्हणाला, आई सारखी तुझं नाव घेते, आता थांबू नको. थांबायचं तर ताईंनाही नव्हतं. पण बाटलीशिवाय जायचं म्हणजे विमानातच पाय आखडणार, आणि बाटली घेऊन जायचं तर कायद्याने चालतं का, हे सांगायला कोणी तयार नव्हतं.

किती फोन केले त्यांनी! इथल्या सरकारी ऑफिसने सांगितलं, डॉक्टरचं पत्र घ्या, आमच्या बाजूने हरकत नाही, पण तिकडचं आम्हाला विचारू नका. भारतीय वकिलातीत म्हणाले, कस्टम्सला विचारा. कस्टम्सला लिहिलं, त्यांचं उत्तर नाही. एअरलाइनवाली मुलगी गोड आवाजात म्हणाली, आणा की, पण पुढची जबाबदारी आमची नाही. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर बसून ताईंनी भारतातला कायदा वाचून काढला. त्यातल्या शिक्षा वाचून घरी आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. "इथून बाहेर न्यायला हरकत नाही, तिथे आत न्यायला परवानगी नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी काय विमानातच राहू?"

जो भेटेल तो सल्ला द्यायचा. मेडनहेडच्या एका बाईंनी तर खोकल्याच्या औषधात ओता म्हणून सांगितलं. मीही एकदा वैतागून म्हटलं, अहो ताई, एवढीशी बाटली, कोण बघतंय? त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. "आणि बघितलं तर? आईने मला भेटायला तुरुंगात यायचं का?"

शेवटी त्यांनी ठरवलं. बाटली लपवायची नाही. लेबलासकट, डॉक्टरच्या पत्रासकट हातातल्या पर्समध्ये ठेवायची आणि मुंबईला उतरल्यावर आपणहून कस्टम्सच्या माणसापुढे ठेवायची. घेतली त्याने तर घेतली, पण खोटं वागलो असं कोणी म्हणणार नाही. हे ऐकल्यापासून मी रोज मनात त्यांना हातकड्या घातलेल्या बघत होते.

अवी आदल्या दिवशी ब्रिस्टलहून आला. बहिणीवर जीव टाकणारा, बोलायला गोड, स्वभावाने घायकुत्या. बॅगा त्यानेच भरल्या. सकाळी पर्स भरताना ताईंनी बाटली मागितली, तर म्हणाला, ठेवली आहे मी नीट, चल, उशीर होतोय. हीथ्रो विमानतळावर मीही सोडायला गेले होते. चेक-इनच्या रांगेत तो ताईंच्या व्हीलचेअरपाशी वाकला आणि हळूच, अगदी खुशीत म्हणाला, "टेन्शन घेऊ नको ताई. बाटली मेतकुटाच्या डब्यात आहे. लेबल गरम पाण्यात भिजवून काढून टाकलं, खोकाही फेकला. आता नावच नाही तर कोण धरणार?"

त्यांच्या घरात लहानपणापासून हीच पद्धत. कुठलीही बाटली आली की लेबल भिजवून काढायचं. आणि प्रवासात जपायची वस्तू मेतकुटात, मग ती अंगठी असो नाहीतर नोटा. अवीने प्रेमाने तेच केलं होतं.

ताईंनी मला बॅग खाली घेऊन उघडायला लावली. रांगेतले लोक बघत होते. डब्यात हात घालून त्यांनी बाटली काढली. ती पिवळ्या पिठाने माखलेली, नुसती, बिननावाची.

"अवी, मला वाचवणारं तेवढंच होतं रे," त्या म्हणाल्या.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तुझ्याच भल्यासाठी, असं तो पुटपुटला, आणि त्या म्हणाल्या, माहीत आहे. डॉक्टरचं पत्र होतं, पण बाटलीवर नाव नसताना ती नेणं म्हणजे सरळ गांजा नेणं. नवी मागवायची तर परदेशातून यायला कितीतरी आठवडे. मी म्हटलं, जाऊ नका ताई, औषधाशिवाय कशा राहाल? त्यांनी बाटली रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली. उद्या केमिस्टकडे परत दे म्हणाल्या, आणि गेल्या. आई थांबणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

अवी तिथूनच ब्रिस्टलला निघाला आणि मी ट्यूबने, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेने, पिनरला. तो प्रवास आठवला की अजून घाम फुटतो. खिशात बिननावाचा गांजा, पासपोर्टावर वर्क परमिटचा शिक्का. रेनर्स लेनला गाडी बदलताना प्लॅटफॉर्मवर पोलीस आणि कुत्रा. मी सगळ्या देवांना हाका मारल्या. कुत्रा माझ्या कोटाशी आला, हुंगायला लागला आणि जोरात शिंकला. मेतकूट! पोलीस चक्क सॉरी म्हणाला. मला हसू यायला हवं होतं, पण बाकावर बसून मी रडले.

ताई दीड महिना राहणार होत्या, तीन आठवड्यांत परतल्या. निम्म्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आपणहून बोलल्या. तिथे रोज पाय आखडायचे. आईने कामाच्या बाईकडून आपली खाट त्यांच्या खाटेला लावून घेतली होती. पाण्याचा पेला धरता येत नव्हता त्या हाताने ती माउली पडल्या पडल्या लेकीच्या पोटऱ्या चेपायची. आणि विचारायची, तिथले डॉक्टर काही देत नाहीत का गं तुला?

"मग काय सांगितलंत?"

"देतात म्हटलं. मीच घरी विसरले."

सुधाताई आणि विसरल्या?

"अवी तिचं शेंडेफळ," त्या म्हणाल्या. "जाताजाता तिने त्याच्यावर रागवायचं, ते कशाला? मला म्हणाली, एवढी विलायतेत राहिलीस, पण वेंधळी ती वेंधळीच. आल्यागेल्याला सांगत होती."

पुढच्याच महिन्यात आई गेल्या. ताईंना पुन्हा जाणं शक्य नव्हतं. अवी ब्रिस्टलहून आला, बहीणभाऊ सोफ्यावर शेजारी बसले, त्याने पोटभर रडून घेतलं. मग डोळे पुसत म्हणाला, "काल फोनवर मामी सांगत होती, आई शेवटपर्यंत म्हणत होती, माझी सुधा फार वेंधळी. ताई, तू आणि वेंधळी? आईला कुठून सुचलं गं हे?"

मी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. सगळं तोंडाशी आलं होतं.

"वय झालं होतं रे तिचं," सुधाताई म्हणाल्या, आणि त्याचा कप त्याच्यापुढे सरकवला.